जेवणानंतर दोन चमचे

छापखानेवाल्यांनी जहाज कंपनीचं नियमपत्रक अकरा वेळा वाचलं, तेही हातात तांबडी पेन्सिल घेऊन. बत्तीस वर्षं लोकांच्या बाटल्यांवरची लेबलं छापण्यात घालवलेला माणूस. छापील कागद हाती आला की त्यातली चूक काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. पत्रकात त्यांना स्वल्पविरामाच्या दोन चुका सापडल्या आणि एक नियम सापडला, जो चुकीचा निघाला असता तर फार बरं झालं असतं. प्रत्येक मोठ्या माणसाला वाइनची एक बाटली सोबत नेता येईल. मात्र ती हातातल्या पिशवीत हवी, सीलबंद हवी आणि तिच्यावर छापील लेबल हवं. घरी केलेलं काहीही चालणार नाही.

आणि त्यांच्या बायकोची वाइन तर शंभर टक्के घरचीच होती. छापखान्यामागच्या भिंतीवर चढलेल्या द्राक्षवेलाची.

या वाइनपायी घरात वीस वर्षं एक दुखणं मुरलेलं होतं. बायकोचा थोरला भाऊ जहाजावर वाइनचा जाणकार होता. कोणत्या जेवणासोबत कोणती बाटली उघडायची ते हा सांगणार, मग मोठमोठे लोक मान डोलावणार. जहाजावर त्याला सगळे जीभसाहेब म्हणत. वीस वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीने हौसेने पहिली वाइन केली, पाहुण्यांनी भरलेल्या घरात भावापुढे पेला धरला. त्याने एक घोट घेतला, उठला, मोरीत जाऊन थुंकला आणि म्हणाला, "चिमणे, याने फरशी पूस, लख्ख निघेल." सगळं घर खो खो हसलं. चिमणीही हसली. पण त्या दिवशी तिने मनाशी एक गाठ मारली ती मारलीच. आपली वाइन भावाने पुन्हा चाखायची ती घरी नाही, गणवेश घालून, जहाजावरच्या टेबलावर, जशी परक्यांची चाखतो तशी. आता ही त्याची शेवटची सफर होती. महिन्याभरात गणवेश कायमचा खुंटीला लागणार होता. त्यानेच बहिणीला आणि मेव्हण्याला तिकिटं पाठवली होती आणि बहिणीच्या पिशवीत काय आहे याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

तेव्हा छापखानेवाल्यांनी कंबर कसली. बाटलीला सील मारून आणलं एका सरबतवाल्या गिऱ्हाइकाकडून. लेबल तर काय, घरचंच काम. खोकल्याच्या औषधाचं एक लेबल ते वर्षानुवर्षं छापत आले होते, त्याचा मजकूर संगणकात तयार होता. वरचं औषधाचं नाव काढून 'लाल द्राक्षांची वाइन' घातलं, खाली घरचा खरा पत्ता घातला, कडेने सोनेरी वेलबुट्टी फिरवली. प्रूफ स्वतः तीनदा तपासलं. बायकोने दोनदा वाचलं. सुनेने फोटो काढून तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, एक जीभसाहेब सोडून. सगळे म्हणाले, अगदी दुकानातली वाटते!

बंदरावरच्या त्या लांबलचक दालनात पिशव्या पट्ट्यावरून सरकत होत्या. दोघं रांगेत होते. पट्ट्याच्या टोकाला तपासणीवाली बाई बसली होती. तिच्यामागे एका मोठ्या टोपलीत जप्त केलेल्या वस्तू होत्या: इस्त्र्या, सुऱ्या, मेणबत्त्या, बुचं काढायचे स्क्रू. तिने बाटली बाहेर काढली. पुढचं लेबल पाहून मान डोलावली. बाटली परत पिशवीत ठेवता ठेवता तिची नजर तळाकडच्या बारीक अक्षरांवर गेली आणि ती मोठ्याने वाचू लागली.

"वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी. मोठ्या माणसांसाठी, जेवणानंतर दोन चमचे, दिवसातून तीन वेळा. तीन दिवसांत आराम न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे."

छापखानेवाल्यांच्या पायांखालची फरशी सरकली. त्या चार ओळी! बत्तीस वर्षं डोळ्यांसमोरून इतक्या वेळा गेल्या होत्या, की त्या वाचायच्या असतात हेच ते विसरले होते. त्यांचं एकट्याचं सोडा, अख्ख्या घरादाराचं तेच झालं होतं. त्या घरात लेबल म्हटलं की खाली 'दोन चमचे' असायचेच, पानाला जशी कड असते तसे. दुसऱ्यांचा स्वल्पविराम शोधणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोच्या वाइनला खोकल्याचं औषध करून ठेवलं होतं.

"हे औषध आहे की वाइन?" बाईने विचारलं.

"औषध," छापखानेवाले म्हणाले.

"वाइन," बायको म्हणाली. दोघांची उत्तरं एकाच क्षणी आली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नवऱ्याला सांभाळून घ्यावं म्हणून ती म्हणाली, "औषध," आणि बायकोचं खरं ठरावं म्हणून ते म्हणाले, "वाइन."

तपासणीवाल्या बाईने बाटली उचलली. "वाइन असेल तर मला चालेल. औषध असेल तर डॉक्टरांना चालायला हवं. दोन्ही असेल तर तुम्ही माझ्याबरोबर चला."

दालनाच्या कोपऱ्यात पडदे लावून जहाजाच्या डॉक्टरने तात्पुरती खोली थाटली होती. तरणाताठा डॉक्टर. सकाळपासून 'ताप आहे का, खोकला आहे का' असे पाचशे कागद भरून त्याचा चेहरा आंबला होता. लेबल वाचता वाचता तो खुर्चीत सरळ झाला.

"हे कोणासाठी?"

"माझ्या भावासाठी," बायको म्हणाली.

"काय होतं त्यांना?"

"होत काहीच नाही. त्याने वीस वर्षांपूर्वी माझी वाइन थुंकली होती."

छापखानेवाल्यांनी कपाळाला हात लावला. पण ती आता थांबते कुठली? मोरी, फरशी, शेवटची सफर, सरबतवाल्याचं सील, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. सांगताना तिला हसू फुटलं, मग हसता हसता डोळे भरले. "काढून घ्यायची तर घ्या," ती म्हणाली, "पण ओतून देण्याआधी त्याला एकदा चाखू द्या. परक्याची म्हणून. मला बाकी काही नको."

डॉक्टरने तपासणीवाल्या बाईकडे पाहिलं. बाईने छताकडे पाहिलं.

"ही घरची आहे हे तर त्यांचंच म्हणणं झालं," डॉक्टर अगदी गंभीरपणे म्हणाला. "उद्या कोणी विचारलं तर? जाणकाराचं मत नको? जहाजावर जाणकार एकच आहे. बोलवा जीभसाहेबांना."

"बाटली माझ्या नजरेआड होता कामा नये," बाई म्हणाली. याचा अर्थ मीही इथेच थांबणार, असा होता.

मग एकच धांदल उडाली. बाईने टोपलीतून बूच काढायचा स्क्रू आणला. एक नव्हे, चार आणले, त्यातला धड निवडला. डॉक्टरने औषध मोजायची प्लास्टिकची पेली पुसली. लेबलावर घरचा पत्ता होता, म्हणून बाटली टेबलाखाली गेली. नवरा-बायको तपासणीच्या खाटेपुढच्या पडद्याआड गेले. पडदा गुडघ्यापर्यंतच होता, म्हणून दोघं खाटेवर पाय वर घेऊन बसले. तीस वर्षांची सून घरी असलेली माणसं, पण लपाछपीत सापडायच्या भीतीने दोघांना हसू आवरेना. त्यांनी एकमेकांच्या तोंडावर हात दाबून धरले.

जीभसाहेब आले. कडक पांढरा गणवेश, छातीवर बिल्ला, कपाळाला आठ्या. "सुटायला तास उरलाय आणि मला इथे कशाला बोलावलं?"

"एका प्रवाशाची बाटली आहे. कंपनीची की घरची, एवढं सांगा," डॉक्टर म्हणाला. "लेबलावर म्हटलंय, हलवून घ्यावी."

"वाइन? हलवून? कोणत्या गाढवाने लिहिलंय?"

खाटेवरचं गाढव आणखी खाली वाकलं.

जीभसाहेबांनी पेली दिव्यासमोर धरली. नाकाशी नेली. बायकोने पडद्याच्या फटीला डोळा लावला आणि नवऱ्याचं मनगट इतकं आवळलं, की त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. ती भावाकडे पाहतच नव्हती. ती पाहत होती टेबलाजवळच्या कचऱ्याच्या डब्याकडे. कामावर असताना हा माणूस घोट कधी गिळत नाही, चाखून थुंकतो, दिवसाला चाळीस बाटल्या चाखणाऱ्याला दुसरा इलाजच नसतो, हे तिला ठाऊक होतं. आजही तो थुंकणार. फक्त थुंकून काय बोलतो, एवढंच ऐकायचं.

त्याने घोट घेतला. तोंडात फिरवला. डोळे मिटले. डबा पायाने जवळ ओढला, वाकला, आणि तसाच थांबला. मग सरळ झाला आणि त्याने घोट गिळला.

"अजून आहे?" त्याने विचारलं.

डॉक्टरने पेली भरली. तीही गेली.

"ही कंपनीची नाही," जीभसाहेब हळू आवाजात म्हणाले. "कंपनीला इतका धीर कुठला? कोणीतरी एकेक द्राक्ष हाताने निवडलंय. घाई केलेली नाही, साखर टाकून लपवाछपवी नाही. घरची आहे, डॉक्टर. नियमाप्रमाणे वर नेता येणार नाही, आणि याचं मला भयंकर वाईट वाटतंय. कोण आहे हा माणूस? मला भेटायचंय त्याला."

पडद्यामागे असा काही आवाज झाला, की डॉक्टर दचकला. खाट कलंडली होती. पडदा, पिशवी, नवरा आणि चिमणी सगळी एकदमच बाहेर आली.

जीभसाहेब दोन पावलं मागे सरले. "चिमणे? तू?" मग मेव्हण्याकडे वळून, "आणि जावईबापू, ते लेबल..."

"मीच," छापखानेवाले म्हणाले. "मीच ते गाढव."

नियम तो नियम. बाटली जहाजावर जाणार नव्हती. पण नियम जहाजावरचा होता, धक्क्यावरचा नव्हता, असं तपासणीवाल्या बाईनेच पत्रकात बोट ठेवून दाखवलं. मग काय! सगळी वरात बाटली घेऊन दालनाबाहेरच्या बाकावर गेली. भर दुपारचं ऊन, समोर दहा मजली पांढरं जहाज, हातात औषधाच्या पेल्या. डॉक्टरने दोन पेल्यांत पाचशे कागदांचा शीण विसरून गाणं म्हणायला सुरुवात केली. बाईने मी कामावर आहे म्हणत ओठाला लावली आणि कामावर आहे म्हणतच पुन्हा भरून घेतली. छापखानेवाले येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना लेबल वाचून दाखवत होते. चिमणी तर एका पायावर उड्या मारायची तेवढी बाकी होती.

"दादा, खरं सांग. मी दिसल्यावर म्हणून नाही ना?"

"दिसायच्या आधीच गिळली मी. आणि ती पहिली? ती वाईटच होती, चिमणे. ती मी आजही थुंकेन. पण त्यानंतर किती वेळा केलीस?"

"दर वर्षी. ही एकोणिसावी."

"मग मधल्या अठरा कुठायत? त्या का नाही दाखवल्यास?"

"ओतून दिल्या." ती हसत होती, पण आता जरा कमी. "दर वर्षी वाटायचं, तुझ्या जिभेला पसंत पडणार नाही. मग मोरीत."

जीभसाहेबांनी पेली बाकावर ठेवली. आपल्या एका विनोदाने अठरा वर्षांची वाइन मोरीत गेली, हे त्यांना गिळता येईना. "कोणी चाखली तरी होती का?" ते म्हणाले.

"हे चाखायचे ना. ओतायच्या आधी एक पेला काढून ठेवायचे."

"मग काय म्हणायचे?"

"ते काय म्हणणार? दर वेळी चांगलीच म्हणायचे. मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणतात. यांना सगळंच चांगलं लागतं."

"चिमणे," भाऊ म्हणाला, "अशी वाइन एका वर्षात येत नाही. निदान दहा वर्षं तरी हा माणूस तुला खरं सांगत होता. आणि तू बसलीस माझी वाट बघत."

जहाजाचा भोंगा वाजला. बाई ओरडली, "पळा आता!" डॉक्टर कागद गोळा करत धावला. चिमणी मात्र उठली नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती, आणि छापखानेवाल्यांना कुठे पाहावं ते कळेना, म्हणून ते आपल्या शाई भरलेल्या नखांकडे पाहत बसले. तिने बाटली उपडी करून उरलेली सगळी वाइन त्यांच्या पेलीत ओतली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

"सांगा," ती म्हणाली, "कशी झालीय?"

एकोणीस वर्षांत तिने हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. न विचारताच ते सांगायचे आणि ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्यांनी सावकाश घोट घेतला. तिच्याकडे बघण्याच्या नादात नीट चवही लागली नाही. पण त्यांना ती पाठ होती.

"चांगली झालीय," ते म्हणाले.

"हो ना?" ती म्हणाली.