सातवा फर्मा

माझे वडील डोमाजी दारव्ह्याच्या एका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर ते दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका, कापूस बाजाराची पत्रकं आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका शिशाच्या अक्षरांचा खिळ्याला खिळा लावून जुळवत. महिन्याचा शेवटचा रविवार मात्र त्यांचा असे. त्या दिवशी छापखाना बंद असायचा. मालक पंजाबराव आदल्या संध्याकाळी किल्ली देऊन ठेवत आणि बाबा उजाडता उजाडता तिथे जाऊन स्वतःची कादंबरी जुळवायला उभे राहत.

ती कादंबरी त्यांनी कागदावर कधीच लिहिली नाही. छापखान्यात ते झाडू मारायला लागले होते आणि त्यांना अक्षरओळख झाली ती शिशाच्या उलट्या अक्षरांवरून. हातात टाक घेतला की बोटं अवघडत. खिळे मात्र ते न पाहता उचलत. महिनाभर गोष्ट डोक्यात घोळवायची आणि रविवारी सरळ धातूत उतरवायची, अशी त्यांची रीत. एका रविवारी एक फर्मा, म्हणजे आठ पानं. छापखान्यात खिळे बेताचेच. त्यामुळे एक फर्मा छापून त्याचे खिळे सोडवल्याशिवाय दुसरा जुळवता येत नसे. जे छापलं ते छापलं. मागे जाऊन काही बदलायची सोय नव्हती. ओलं प्रूफ घेऊन ते घरी येत आणि मी ते तपासत असे. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. वाचनालयातली बहुतेक पुस्तकं मी वाचली होती, आणि बाबांना माझ्या वाचनाचा अभिमानही होता आणि थोडी गंमतही वाटे.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन धम्म घेतला. तेव्हापासून आमच्या घरी वर्ष दसऱ्याला सुरू होई. सकाळी विहारात जाऊन यायचं, चहा करायचा आणि वर्षाचा इरादा एकमेकांना सांगायचा. आई केव्हाच गेली होती. सांगणारे दोघंच आणि ऐकणारेही तेच दोघं.

एकसष्ट सालच्या दसऱ्याला बाबा म्हणाले, "या साली बारा फर्मे. पुरी कादंबरी. पुढच्या दसऱ्याले शिवून हातात."

"बारा? मागच्या दोन पुस्तकाचे मिळून सात झालते, बाबा."

"म्हणून तं. आता तुह्यं सांग. तू काय लिहितं या साली?"

"पाहू."

"पाहू? पाहू तं पोरगी पाहाले आलेले लोक म्हणतेत, अन् मंग येत नाहीत."

मला राग आला होता. पण ते स्वतःच इतके हसले की मीही हसले.

त्या कादंबरीत उकंडा नावाचा एक माणूस वस्तीसाठी विहीर खणतो. गावच्या विहिरीवर वस्तीला पाणी भरू देत नाहीत, आणि वस्तीची जागा सगळी बरड. पहिल्या फर्म्यात तो पहार हातात घेतो, सहावा संपतो तरी खालून दगडच निघत असतो.

"पाणी लागते का बाबा त्याले?" मी मार्चमध्ये विचारलं.

"खंदल्याबिगर मले कसं समजन?" ते म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी त्यांनी सातवा फर्मा जुळवायला घेतला. साडेसहा पानं झाली. उन्हाने थकले होते. "बाकी पुढच्या महिन्यात," म्हणून घरी आले. गुरुवारी सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

बासष्टच्या दसऱ्याला मी विहारातून परतले आणि सवयीने दोन कप चहा ठेवला. पांढरं लुगडं न बदलताच बसून होते, तोच पंजाबराव आले. दसऱ्याला ते दरवर्षी येत. बाबा त्यांच्याकडून आपट्याची पानं घेत नसत, पण चहा प्यायल्याशिवाय त्यांना सोडत नसत.

"सोनं नाही आणलं वं, भिऊ नको," दारातूनच ते म्हणाले. "चहा दे."

दुसरा कप मी त्यांना दिला.

त्यांनी चहावर फुंकर मारली. मग म्हणाले, "जया, तुह्या बाबाचा सातवा फर्मा अजून तसाच बांधून आहे. सहा महिने झाले. मी कोणाले हात लावू नाही देल्ला. पण काने सरले माह्याजवळचे. दिवाळीनंतर लग्नपत्रिका येतीन. काना नसला तं नवरदेवाचं नाव कसं लागन?"

"खरं आहे, काकाजी."

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी ये. पुरं करायचं असन तं पुढचं लिहून आण, मी सोता जुळवून देतो. नसन तं सोडवू. अन् तो रविवारबी मंग कामाले लावतो. काम लय वाढलं."

ते गेल्यावर मी वही काढली. बाबांसारखं मोठ्याने बोलून पाहिलं, पण रिकाम्या घरात आवाज विचित्र वाटला. म्हणून फक्त लिहिलं: या वर्षी उरलेली कादंबरी पुरी करायची. सातव्याचं दीड पान आणि पुढचे पाच फर्मे. कुणाला कळू नये अशा रीतीने, त्यांच्याच नावाने.

दीड पान लिहायला मला तीन आठवडे लागले. शाळेतून आले की बसायची. कधी एक वाक्य होई, कधी काल लिहिलेलं खोडण्यात संध्याकाळ जाई. मी इतकं वाचलेलं होतं की प्रत्येक वाक्याला कुणाचा तरी वास येई, फक्त बाबांचा येत नसे.

रविवारी पंजाबरावांनी जुळणीच्या सपाट दगडावर बांधून ठेवलेली पानं उघडी केली, शाईचा रूळ फिरवला आणि प्रूफ काढून माझ्या हातात दिलं. सहा महिन्यांनी मी बाबांचं नवीन काही वाचत होते. मी हळूहळू वाचलं. शेवटच्या ओळी अशा होत्या: "उकंडानं पहारीचा घाव घातला. मंग पहार बाजूले ठेवली अन् दगडाले कान लावला. खाली". पुढे काही नव्हतं.

मी माझे कागद पंजाबरावांना दिले. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागले. "खाली पाषाणाच्या उदरात कुठेतरी एक अस्फुट स्पंदन त्याला जाणवले..." ते थांबले. "चांगलं आहे. अस्फुट म्हणजे काय वं?"

"ऐकू येईल न येईल असं."

"मंग उकंडाले ऐकू आलं का नाही?"

मला माहीत नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी ते शब्दांखाली लपवलं नसतं.

"मी पुन्हा लिहिते," मी म्हटलं. छापखान्यातल्याच एका प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला बसले. या वेळी बाबांच्या बोलीत लिहिलं, त्यांच्यासारखी आखूड वाक्यं केली. दहा ओळी झाल्यावर वाचून पाहिल्या. सगळे शब्द त्यांचे होते. पण ती नक्कल होती, जशी शाळेत मुली बाईंची करतात. तशी नक्कल त्यांच्या शेवटच्या शब्दाला चिकटवायची माझी तयारी होईना. मी कागद फाडला.

"जमून नाही राह्यलं?" पंजाबरावांनी विचारलं.

"नाही. काकाजी, 'खाली' इथंच थांबवा. आहे तेवढं छापा."

"अर्धं वाक्य? लोक म्हणतीन पंजाबरावानं चूक केली."

"म्हणू द्या."

"अन् हे दीड पान?"

"कोरं ठेवा."

त्यांनी चष्मा काढला. "डोमाजी असता तं मले शिव्या देल्ल्या असत्या. कागद वाया घालवतं म्हणून."

"तुम्हाला नसत्या दिल्या. मला दिल्या असत्या."

"हे खरं," ते म्हणाले आणि ट्रेडल यंत्राच्या पायट्यावर पाय ठेवला.

दोनशे प्रती निघेपर्यंत दुपार कलली. मी एकेक कागद उचलून दोरीवर वाळत घालत होते. कोरा भाग वाऱ्याने जास्त हलत होता, शाईचा कमी. एकदा वाटलं, थांबवावं, अजून एक महिना मागावा. पण महिन्यानेही मला विहिरीत उतरता आलं नसतं.

छापून झाल्यावर खिळे परत आपापल्या खणात टाकायचे असतात. पंजाबरावांनी बाह्या सावरल्या, तशी मी म्हटलं, "मी टाकते."

"तुले खण कुठी माहीत आहेत?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी पानाची दोरी सोडली. इतके दिवस घट्ट बांधलेली अक्षरं जराशी सैल झाली. मी शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली. त्यांनी दाखवलेल्या खणात 'ख' टाकला. मग काना उचलला.

"काना डावीकडे. मोठा खण, हातापाशी. तुहा बाबा तिकडे पाहत नव्हता."

त्या खणात एकही खिळा उरला नव्हता. काना पडला तेव्हा लाकडावर टक्कन वाजला. मी 'ल' टाकला, वेलांटी टाकली. शब्द संपला. मग त्याच्या आधीची ओळ घेतली. बोटं काळी झाली. मध्येच एक अक्षर चुकीच्या खणात गेलं. पंजाबरावांनी ते काढून बरोबर ठिकाणी ठेवलं.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "म्हणजे आता कादंबरी संपली."

"नाही. आठव्यावर माझं नाव टाकू."

"अन् उकंडा?"

"तो खालीच आहे. मी वरून लिहीन. मी कधी विहिरीत उतरले नाही."

"वरून काय दिसते वं?"

"दोर दिसतो."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. "मंग शेवटचा रविवार तुह्या नावानं ठेवू?"

"ठेवा."

"किती फर्मे करशीन या साली?"

वहीत पाच लिहिलेले होते. "एक," मी म्हटलं.

"सालभरात एकच?"

"एक."

"पाह्य बरं. फर्मा म्हणजे आठ पानं. आता साडेसहावर मी नाही छापणार."

"आठ पानं," मी म्हणाले आणि पुढची ओळ सोडवायला घेतली.