बटाट्यांची बचत

सासरेबुवांच्या अंगात बचत संचारली होती. उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून घालवलेला हा माणूस. निवृत्तीनंतर खुर्चीत बसून वर्तमानपत्रातलं हवामान मोठ्यानं वाचायचं, एवढंच काम उरलं होतं. अशात सुनेनं घराचा किराणा त्यांच्या हाती दिला. मग काय विचारता! आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला.

सुनेनंही हे हौसेनं केलं नव्हतं. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. शिलाई देखणी, पण कापडाच्या कडा पक्क्या करणारं ओव्हरलॉकचं मशीन तिच्याकडे नव्हतं. त्यासाठी प्रत्येक गठ्ठा बाहेर न्यायचा आणि मजुरीतला मोठा वाटा दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. बाजारापलीकडची एक म्हातारी शिंपीण धंदा आवरत होती. आपलं मशीन ती निम्म्या किमतीत द्यायला तयार झाली, पण महिनाअखेरच्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पैसे हवे होते. नाहीतर जुन्या मशीनचा व्यापारी गाडी घेऊन येणारच होता. नवऱ्याचा पगार घरभाड्यात आणि हप्त्यांत जाई. हात आखडता घ्यायला एकच जागा होती, स्वयंपाकघर.

"बाबा, महिनाभर किराणा तुम्ही बघाल?" सुनेनं विचारलं होतं.

"बघतो म्हणजे? एकेका दुकानदाराला बघून घेतो!"

आणि घेतलंच. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळे डबे पालथे घातले. साखर तीन ठिकाणी निघाली, मोहरी चार. ज्याला जे संपलंय असं वाटेल ते तो घेऊन यायचा, असा आजवरचा कारभार! डबे पाहिल्याशिवाय पिशवी उचलायची नाही, असा फतवा निघाला. रिकाम्या पोटी दुकानात जायचं नाही, हा दुसरा. मोठा पुडा स्वस्त पडतो ही थाप आहे, हे त्यांनी बिस्किटांच्या पुड्यांवरचं वजन वाचून सिद्ध केलं आणि तो शोध जिन्यात भेटेल त्याला ऐकवला. मुलगा साबणाची अर्धी वडी हातात घेऊन पुटपुटला, "आता आंघोळही अर्धीच करायची का?" पण रात्री वाचलेले पैसे पाकिटात पडले की तोही डोकावून बघायचा. घराला सामना बघितल्यासारखी धुंदी चढली होती.

शनिवार उजाडला तेव्हा पाकिटात मशीनचे पूर्ण पैसे होते. सुनेचे सोमवारचे गणवेश अजून व्हायचे होते. दुपारी तिनं पाकीट सासऱ्यांच्या हातात दिलं.

"बाबा, इकडेतिकडे न थांबता थेट जा हं."

"हा गेलो आणि हा आलो!"

वाटेत घाऊक बाजार होता. तिथे एक व्यापारी गोदाम रिकामं करत होता आणि बटाटा नेहमीच्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्यानं विकत होता. तिसऱ्या हिश्श्यानं! सासरेबुवांचे पाय जमिनीला चिकटले. एवढी बचत तर महिनाभरात कधी झाली नव्हती. शिंपिणीला थोडे पैसे सोमवारी दिले तर तिचं काय बिघडतं? त्यांनी घासाघीस करून भाव आणखी पाडला, हातगाडी ठरवली आणि चार पोती लादून विजयी वीरासारखे घराखाली आले.

"अगं, खाली ये! लूट केली, लूट!"

सून गळ्यात टेप अडकवून धावत आली. तिनं पोती पाहिली.

"मशीनचे पैसे दिलेत?"

"देऊ की. थोडेच कमी आहेत. पण भाव तर ऐक..."

"बाबा, आपल्याला बटाटे नको होते. मशीन हवं होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वळली आणि वर गेली. सासरेबुवा गाडीजवळ उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. पोरीनं महिनाभर चहासुद्धा मोजून प्यायला होता.

मग त्यांनी गाडी फिरवली आणि थेट बसथांब्यासमोर लावली. बाजारभावापेक्षा कमी भाव ठरवला आणि गर्दीनं भरलेल्या बसच्या पार मागच्या दारापर्यंत पोचणारा तो गळा मोकळा सोडला.

"चला, बटाटा! पुढे सरका, पुढे जागा आहे! सुट्टे पैसे काढून ठेवा!"

उतरणारे लोक हसले, थांबले, पिशव्या पुढे करू लागले. सासरेबुवा ओंजळीनं बटाटे भरून देत सुटले. एवढ्यात मागून स्वयंपाकघरातला वजनकाटा धाडकन गाडीवर येऊन पडला.

"अंदाजानं देताय? लोक सबंध गाडी नेतील!" सून बाह्या सरसावून म्हणाली.

"तुझे गणवेश?"

"रात्री बसेन. आधी त्या काकूंना दोन किलो द्या. ओ दादा, रांगेत या!"

अशी काही झुंबड उडाली की बोलायची सोय राहिली नाही. ती तोलत होती, ते पैसे घेत होते, बोटांच्या पेरांत नोटा अडकवून, जुन्या सवयीनं. एक पोतं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याच्या तळाशी सुनेनं पैसे मोजले, पाकिटातल्यांत मिसळले, पुन्हा मोजले आणि किंचाळलीच.

"झाले! बाबा, पुरे झाले!"

साडेपाच वाजून गेले होते.

"पळ, पोरी," सासरेबुवा म्हणाले. "मी गाडी बघतो."

सुनेनं पाकीट बंद केलं. क्षणभर हातात धरलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"तुम्ही जा."

"मी? अगं, वाटेत बाजार लागतो."

"लागू दे," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सासरेबुवा निघाले. बाजारात लसूण निम्म्या भावात होता. एकजण तेलाच्या डब्यावर डबा फुकट देत होता. मघाचा व्यापारी तर नातं लागत असल्यासारखा हाका मारू लागला, "ओ काका, शेवटची दोन पोती! फुकटात न्या!" काकांनी पाकिटावर दोन्ही हात दाबले आणि या वयात पळता येईल तेवढे पळाले. भाव विचारला नाही. जन्मात पहिल्यांदा.

शिंपिणीच्या दारात जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याची गाडी उभी होती. त्याची माणसं मशीनला दोर बांधत होती.

"थांबा!" सासरेबुवा ओरडले आणि सबंध आळी थांबली. "सहा वाजायचेत अजून!"

शिंपिणीनं पैसे मोजले, घड्याळ पाहिलं आणि दोर सोडायला सांगितला.

"सून नाही आली?" तिनं विचारलं.

"नाही. तिनं मला पाठवलं."

बोलताना त्यांचा आवाज चिरकला. म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि व्यापाऱ्यालाही ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं, "तिनं मला पाठवलं."