खारकेची बी

बी अजून तिथंच होती. चुलीमागच्या कोनाड्यात, मिठाच्या मडक्याआड, धुरानं काळी पडलेली, खारकेची एकच बी. बाकीच्या बिया दुर्गाबाईंनी गेल्या ईदला राखेत पुरल्या होत्या, ही तेवढी बोटांतून निसटली आणि वर्षभर गप बसून राहिली. मीठ काढता काढता आज हाताला लागली. आज... नेमकी ईदच्याच सकाळी.

ती मुठीत धरून त्या पाटावर बसल्या. बसणं म्हणजे आधी एक हात जमिनीला, मग गुडघा, मग उरलेला सगळा देह. त्या गुडघ्यांवरूनच हकीमसाहेब म्हणाले होते, अंग उतरवा, गोड बंद, तूप बंद, रोज देवीच्या टेकडीपर्यंत चाला. नाहीतर हे पाय उद्या उंबराही ओलांडू देणार नाहीत. नवरा बद्रीनाथ, अंबडच्या मुन्सिफ कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा, "बरं" म्हणाला आणि कामाला गेला. सगळ्या घराच्या चवी चालू आणि आपल्या एकटीचंच ताट कोरडं — किती दिवस चाललं असतं?

पण समोरच्या घरातून जन्नतबी आली.

"तुमे नै खाते तो मैं बी नै खाती, बाई. आजसे मीठा बंद. दोनोंका."

आणि पहाटे दाराची कडी वाजू लागली, दोनदा, हलकीच. पहिल्या दिवशी शेजारची गोजरबाई ओट्यावरून म्हणाली, "दुर्गाबाई निघाल्या! आता गल्ली रुंद करावी लागती बगा," आणि जन्नतबी चालता चालताच म्हणाली, "तुमची जीभ येती-जाती, तवाच झाली की रुंद!" किती हसल्या होत्या दोघी... हसण्यानंच निम्मी वाट सरली होती.

टेकडीच्या पायथ्याशी जन्नतबी लिंबाखाली बसायची, दुर्गाबाईंच्या वहाणा आपल्या चपलांशेजारी सरळ लावून. दुर्गाबाई जमतील तेवढ्या पायऱ्या चढायच्या, थांबल्या त्या पायरीवर खडा ठेवून यायच्या. "आज कित्ते?" "अकरा." "कल बारा!" दम लागला की दुर्गाबाई आपणच जुळवलेली ओवी पुटपुटायच्या —

चढ गं एक पायरी, दुसरी ती उद्याची
खाली वाट पाहे, सई माझ्या जिवाची

एकतीस पायऱ्या झाल्या आणि गेल्या सालची ती ईद आली. एकीच्या चुलीवरचं शिजलेलं दुसरीच्या घरी चालत नसे, म्हणून दरसालच्या रीतीनं जन्नतबीकडून कोरा शिधा आला — शेवया, खारका, साखर, चारोळी, वर झाकलेला रुमाल. घरात कुणी नव्हतं. ह्यांच्यापुरतंच करते... असंच म्हणाले होते मी. तूप सुटलं, दूध आटलं, वास घरभर झाला, आणि मग मी चुलीपाशी उभ्या-उभ्याच, पातेल्यातूनच — जेवावं तसं नव्हे, कुणी हिसकावून नेईल तसं...

संध्याकाळी जन्नतबी नवी ओढणी पांघरून आली. "कैसा हुआ, बाई? मैं तो चख्खी बी नै."

"ह्यांनी खाल्लं समदं," दुर्गाबाई म्हणाल्या.

जन्नतबी पाहत राहिली. मग जवळ आली, आणि त्याच नव्या ओढणीच्या टोकानं तिनं दुर्गाबाईंच्या हनुवटीवरची शेवई टिपली, लेकराचं तोंड पुसावं तशी. "सुबू आती मैं," एवढंच म्हणाली.

आलीही. कडी वाजली तेव्हा दुर्गाबाई आतूनच म्हणाल्या, "गुडघा दुखून राह्यला." आठ दिवस वाजली कडी. नवव्या दिवशी नाही. भांडली असती तर मीही भांडले असते, मंग मुकाट तिच्यामागं चालले असते... पण त्या पुसण्याला काय उत्तर होतं? वर्ष गेलं. अंग वाढलं. आता उंबऱ्यापाशी चौकट धरावी लागते, आणि समोरचं दार उघडलं की आत सरकावं लागतं.

"बाई?"

जन्नतबीची सून सलमा दारात होती. हातात ताट, वर रुमाल. यंदाही.

"ठेव तिथं," दुर्गाबाई म्हणाल्या. मूठ आणखी आवळली गेली. "सासू बरी हाय का गं?"

"अच्छे हैं. सुबू से पका रै, सबको खिला रै. खुद नै खाते."

"का?"

"क्या मालूम. पूछे तो बोलते, बाई के साथ मीठा छोड़ी, बाई बोलेंगे तब खाऊँगी."

सलमा गेली. रुमालाच्या एका कडेनं शेवया दिसत होत्या, केसासारख्या बारीक, आणि दुर्गाबाईंना कळलं की आज तोंडाला पाणी सुटलेलं नाही. एक वर्ष... मी दाराआड गिळत राहिले, आणि तिकडं ती, सण आले, बारशी झाली, लग्नं झाली, प्रत्येक पंगतीत हात आवरून बसलेली. खाली वाट पाहत. लिंबाखालीच बसून असल्यासारखी, वहाणा सरळ लावून, आणि वर पायरीवर कुणीच नाही...

मुठीतली बी घामानं ओली झाली होती. त्या उठल्या, उंबऱ्याशी येऊन त्यांनी चौकट धरली. गल्ली वीस पावलांची. जाऊन म्हणायचं काय? खा, म्हणायचं? की उद्या कडी वाजव, म्हणायचं? ओवीची पहिली ओळ ओठांवर आली. गुडघे दुखत होते का? असतील. समोरच्या चुलीचा धूर गल्लीत उतरत होता, आणि वर्षभरात पहिल्यांदाच, ते दार उघडेल म्हणून दुर्गाबाई आत सरकल्या नाहीत.