बेचाळीस बरोबरच्या खुणा

मी व्यायामाचा तक्ता बोलतोय. माझ्यावरच्या चित्रातल्या माणसाला हसू नका. झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता बापड्याचं नाक गेलं, एक हात निम्मा गेला, तरी तो खांदा फिरवतोच आहे. त्याचं काय जातंय, त्याला थोडंच दुखतं! त्याच्याखाली सहा आठवड्यांचे बेचाळीस चौकोन आहेत. व्यायाम केला की बरोबरची खूण करायची.

व्यायामाच्या डॉक्टरांच्या टेबलावर मी गठ्ठ्यात सगळ्यात वर होतो, तेव्हा एक बाई माझ्या थोरल्या भावाला घेऊन आली. म्हणजे आधीच्या तक्त्याला. ती कपड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं कॉलर शिवत होती आणि दोन वर्षांपासून तिचा उजवा खांदा धरलेला होता. तिला एकच हवं होतं. मशीनवरून काढून कारखान्यातच शिवलेले कपडे तपासायच्या टेबलावर बसवा, अशी डॉक्टरांची चिठ्ठी. टेबलावर हात उचलावा लागत नाही. मशीनवर आणखी वर्ष काढलं तर हात कायमचा जाईल, या भीतीनं तिची झोप उडाली होती.

भावाचे वीस चौकोन कोरे होते. ज्या दिवशी वेणीसुद्धा लेकीकडून घालून घ्यावी लागली, त्या दिवशी तिनं खूण केली नव्हती. प्रामाणिक होती हो.

डॉक्टरही वाईट नव्हते. बाहेरचं बाकडं भरलेलं, आणि ते स्वतःच दर दहा मिनिटांनी आपली मान चोळत होते. लोकांना गोळी हवी, हालचाल नको, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. त्यांनी चौकोन मोजले. खांद्याला हात लावला नाही.

"ताई, औषध तुमच्याच हातात आहे. तुम्हीच टाळलंत तर मी काय करणार?"

भाऊ टोपलीत गेला आणि मी तिच्या पिशवीत.

घरी तिनं मला कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. नवऱ्याला म्हणाली, मी आळशी आहे असं वाटतं त्यांना. तो म्हणाला, मग करून दाखव. तीही हट्टाला पेटली. डबे भरायच्या आधी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायची, डोळ्यांत पाणी यायचं. कधी जमायचं, कधी नाही.

सहा आठवडे संपले त्या सकाळी तिनं मला काढून ओट्यावर ठेवलं. माझे सतरा चौकोन कोरे होते. निळं पेन, काळं पेन, मग परत निळं, असं बदलत तिनं सगळे भरले. उजवा हात त्या दिवशी हलतच नव्हता, म्हणून डाव्या हातानं. मला फार लाज वाटली, पण माझ्याहून जास्त तिलाच वाटत होती.

मला बघून डॉक्टरांचा चेहरा खुलला.

"शाब्बास! बेचाळीसपैकी बेचाळीस. रोज एवढं करणारा हात मशीन नक्की चालवेल. आता टेबल कशाला हवं?"

त्यांनी तशी चिठ्ठी लिहिलीसुद्धा. आता खरं सांगितलं असतं, तर ती आळशी ठरली असती, वर खोटारडी. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि डाव्या हातानं चिठ्ठी घेतली.

मला मात्र डॉक्टरांनी मागून घेतलं आणि बाकड्यासमोरच्या भिंतीवर लावलं. 'हे जमतं' असं माझ्यावर लाल शाईत लिहिलं. ती परत आली नाही. आली नाही म्हणजे बरी झाली, असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगतात.

डॉक्टर, रोज मान चोळत माझ्यासमोरून जाता. एकदा कुणाच्या तरी कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून विचारा हो, या दिवशी किती दुखलं होतं? पण माझं कोण ऐकणार!

आत्ता समोर एक सुतारकाका बसलेत, गुडघ्याला पट्टा आहे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मांडीवरचा स्वतःचा तक्ता उलगडला, आत कुणाचं लक्ष नाही ना ते पाहिलं, आणि कानामागची पेन्सिल काढली.