एकट्याने मिटणारा तंबू

"बाबा, अजूनही सांगते, राहू द्या," मुलगी दारातूनच म्हणाली. "वरून पडलात तर मी काय करू?"

"पडायला मी वर चढतोच कुठं? आता सगळं जमिनीवरूनच होतं," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या टपावरच्या तंबूच्या आवरणाची चेन सरकवली.

उस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. बसच्या आगारात त्यांनी जन्मभर सीटची कव्हरं शिवली. सुई मोडली असेल, पण टाका चुकला नाही, म्हणून लोक उस्ताद म्हणू लागले. निवृत्त झाल्यावर माणसं बागेतल्या बाकावर जाऊन बसतात. यांनी टपावर तंबू बसवून घेतला. बायकोने कपाळाला हात लावला आणि पहिल्याच सहलीला त्यांच्या आधी तयार होऊन गाडीत जाऊन बसली.

तंबू उघडणं सोपं. शिडी ओढली की तो पुस्तकासारखा उलगडतो. मिटवताना मात्र नाकी नऊ येतात. एकाने पलीकडून पट्टा ओढायचा आणि दुसऱ्याने अलीकडून फुगलेलं कापड आत सारायचं. कापड सारायचं काम बायकोचं. सारताना ती हुकूमही सोडायची, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना कळायचं, की हे दोघं आता निघाले.

ती गेल्यावर उस्ताद एकदा एकटेच जाऊन आले. मिटवताना कापड बिजागरीत अडकलं आणि फाटलं. अर्धवट मिटलेला तंबू दोरीने बांधून, कानकोंडे होऊन ते घरी परतले. मुलीने तो अवतार पाहिला आणि अट घातली, "एकट्यानं मिटवून दाखवा, मग खुशाल जा. नाहीतर देऊन टाका कुणाला तरी. घोडामैदान जवळच आहे."

हे त्यांना जमणार नाही, अशी तिची खात्री होती. तिला काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर, आई नसताना बाबांनी कुठे जाऊच नये असं तिला वाटत होतं. उस्तादांना मात्र घर खायला उठत होतं. बायकोबरोबर जिथे जिथे मुक्काम केला, तिथे एकदा तरी जाऊन यायचं होतं.

त्यांनी शिवणयंत्र बाहेर काढलं आणि आधी फाटलेलं कापड सांधलं. तंबूच्या कमरेभोवती बाहेरून कापडी फासे शिवले आणि त्यांतून रबरी दोरी ओवली. तंबू मिटू लागला की दोरी आकसणार आणि कापड आपोआप आत ओढणार. पहिल्या खेपेला दोरी इतकी आखूड झाली, की तंबू धड उघडेचना. पोटात मुरडा आल्यासारखा वाकून राहिला. उस्तादांनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि सगळं उसवून पुन्हा शिवलं. आज मात्र शिडी ओढताच तंबू पुरता उलगडला.

"उघडला तर छान," मुलगी आता अंगणात येऊन म्हणाली. "मिटवा बघू."

उस्ताद पट्टा धरून गाडीच्या पलीकडे गेले. आणि मुलगी, तिच्याही नकळत, आई उभी राहायची त्या जागी आली. टाचा उंचावून तिने दोन्ही हात वर धरले.

उस्तादांनी पट्टा ओढला. तंबू वाकला, दोरी आकसली आणि कापड निमूट आत गेलं. कुठे सुरकुती नाही, कुठे कापडाची कड बाहेर नाही. मुलीचे हात वर तसेच राहिले.

"जमलं की हो," ती हळूच म्हणाली. "आता कुणाची गरज नाही तुम्हाला."

हेच ऐकायला उस्तादांनी डोळे फोडून शिवण केली होती. ऐकलं, आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. बायकोची जागा त्यांनी स्वतःच्याच हाताने शिवून बंद केली होती. मिटलेल्या तंबूच्या पलीकडे त्यांना मुलीची फक्त वर धरलेली बोटं दिसत होती. तिचे हात अजून खाली आले नव्हते.

पट्टा बकलात अडकवायचा तेवढा बाकी होता. उस्ताद थांबले.

"अगं, तुझ्या बाजूला कापड राहिलंय वाटतं," ते म्हणाले. "सार जरा आत."

तिने पाहिलं. काहीच राहिलं नव्हतं.

"हो, आहे थोडं," ती म्हणाली आणि बंद तंबूच्या कडेवरून दोन्ही तळवे सावकाश फिरवू लागली. तिचं होईपर्यंत उस्ताद पट्टा हातात धरून उभे राहिले.