वरची पट्टी

"अडुसष्ट वर्षं म्हणजे काही कमी नाहीत, मास्टर. वर 'सेलिब्रेशन ऑफ लाइफ' टाका."

"सत्तरीच्या आत सोहळा नसतो," संगणकावरची मान न उचलता अन्साह मास्टर म्हणाला. "दोन वर्षं कमी पडतात."

"दोन वर्षांनी काय होतंय? म्हातारीनं नातवंडं पाहिली, पणतू मांडीवर घेतला..."

"पणतू?" आता अन्साहने मान वर केली. "हे आधी नाही का सांगायचं? चर्च कुठलं?"

"मेथडिस्ट. तिथल्या गाणाऱ्यांत होती. गळा कसला, भोंगाच तो!" धाकटा भाऊ म्हणाला आणि हसू आवरायला त्याने तोंडावर हात धरला.

"मग 'कॉल टू ग्लोरी'. देवाचं बोलावणं. सोहळ्याला बोटभर कमी, पण कुणी नाव ठेवणार नाही."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. अन्साहने निवाडा दिला की कोनोंगो गावात त्यावर अपील नसे.

मोटारस्थानकासमोरच्या मादाम फ्रेमाच्या छापखान्यात तो सव्वीस वर्षं मेलेल्यांची पोस्टरं करत होता. पोस्टरावर खाली फोटो, वय, दफनाची वेळ आणि शोक करणाऱ्यांची नावं. या नावांच्या क्रमावरून भाऊबंदांत हातघाईची वेळ येई, ती मादाम सांभाळायची. वरची पट्टी मात्र अन्साहची. माणूस 'मेला' हे तिथे कसं म्हणायचं ते तो ठरवी. तरणाताठा गेला तर 'व्हॉट अ शॉक'. लेकरं लहान टाकून गेलेल्या बाईला 'पेनफुल एक्झिट'. पन्नाशीतल्या बऱ्या माणसाला 'होम कॉल', घरून आलेला सांगावा. शाळामास्तर, वकील अशांना 'ट्रान्झिशन', कारण त्यांच्या घरच्यांना साधं काही चालत नाही. इंग्रजीतला 'डाइड' हा सरळ शब्द त्याने एकदाही छापला नव्हता. तो कुत्र्यामांजरांसाठी, असं त्याचं म्हणणं. माणूस मरतो ही गोष्ट त्याच्या छापखान्यात सव्वीस वर्षांत घडलीच नव्हती.

आणि पट्टी कधी रिकामी सोडायची नाही. एकदा एका गॅरेजवाल्याच्या घरच्यांनी घाईत ती कोरी ठेवायला लावली, तर त्या बिचाऱ्याने तणनाशक प्यायलं होतं असं गाव आठ दिवस बोलत राहिलं. माणूस तापाने गेला होता. "वर काही नाही म्हणजे खाली काहीतरी आहे," असं लोक म्हणतात, हे अन्साह गिऱ्हाइकांना आवर्जून सांगे.

हे सगळे शब्द त्याच्या एका वहीत होते. पहिल्या पानापासून मरणाचे शब्द, एकूण त्रेसष्ट. वही उलटी केली की शेवटच्या पानापासून दुसराच संसार सुरू होई. तो हिरव्या शाईतला, अदोमाचा.

अदोमा त्याची थोरली लेक. कुमासी शहराकडच्या कॉलेजात शिक्षिका व्हायला शिकत होती. ती सात वर्षांची असल्यापासून बापलेकींचा एक खेळ चाले. रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याच्या पोटात किती अर्थ दडलेत ते आळीपाळीने काढायचे. खेळात दोघंही लबाडी करायची. अगदी पहिला घेतलेला 'रन', म्हणजे धावणं, हा शब्द अजून चालूच होता. रविवारी कॉलेजला परत जाताना ती ट्रोट्रोच्या, म्हणजे वडाप गाडीच्या, खिडकीत बसली होती, गाडी भरायची वाट पाहत, आणि अन्साह खाली उन्हात वही धरून उभा होता.

"पापा, नाक धावतं, ते लिहिलंय?"

"ते तू दुधाचे दात पडत होते तेव्हाच लिहिलंस. तेव्हा तुझंच धावायचं."

"नळ धावतो?"

"आहे."

"मादामचं दुकान धावतं. मोज्याचा धागा सुटला की मोजा धावतो. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस धावतो, मग भले तो खुर्चीवरून उठत नसो."

"सगळं आहे. बावीस झाले. हर आता."

"तेविसावा आहे माझ्याकडे."

"थापा!"

"शुक्रवारी आल्यावर सांगेन. पैज लावा, मक्याचं केंके आणि तळलेला मासा. आणि मासा मोठा हवा, मागच्या वेळेसारखी शेपूट नको."

गाडी हलली. तिने खिडकीतून दोन्ही हातांनी दोन आणि तीन बोटं दाखवली.

शुक्रवारी कुमासीहून येणारी गाडी पुलाच्या अलीकडे उलटली. चार माणसं गेली, त्यांत अदोमा होती.

अन्साहची बायको सेरवा अंगणात कपडे वाळत घालत होती. तिचा थोरला भाऊ बोआडू दोन म्हाताऱ्यांना घेऊन आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं आणि तिने तोंड उघडलं. पण आवाज फुटायच्या आत बोआडूने पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. हात दांडगट होता.

"नाही, सेरवा. तुला नाही रडता यायचं. तुमचं पहिलं मूल गेलंय."

तिकडे अशीच रीत आहे. आईबापांचं पहिल्यांदा मूल गेलं तर त्यांनी रडायचं नाही, काळं-लाल नेसायचं नाही, दफनाला जायचं नाही. पांढरं नेसायचं आणि पोटभर जेवायचं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात ना, ते तिथे अक्षरशः मानतात. आईबाप रडले की मृत्यूला त्या घराच्या मिठाची चटक लागते आणि तो पुढच्या लेकरासाठी येतो. आतल्या खोलीत त्यांची धाकटी, अकरा वर्षांची अबेना झोपली होती.

शिवाय मूल आईच्या कुळाचं. बाप कितीही जीव लावो, पोरीच्या मरणात पुढे व्हायचा मान मामाचा. रडायचाही.

म्हाताऱ्यांनी दोघांना अंघोळ घातली, पांढरं नेसवलं. मग कुस्करलेला याम कंद, लाल पामतेल, वर उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याचं सूप पुढ्यात आलं. अदोमा सुट्टीला आली की सेरवा हेच सूप करायची.

"खा," एक म्हातारी म्हणाली. "वाडगं पुसून खा. दारात उभा आहे तो, बघतोय. त्याला दिसू दे की तुमचं काही गेलं नाही."

अन्साहने घास घेतला. तो गिळायच्या आत त्याने दुसरा वर कोंबला. शेजारी सेरवा जेवत होती, मान खाली, एकसारखी. मध्येच तिला उचकी लागली. म्हातारीने चटकन पाण्याचं भांडं पुढे केलं. अन्साहला त्या क्षणी त्या म्हातारीचा, भावाचा, सगळ्या रीतीभातींचा इतका संताप आला की वाडगं भिंतीवर फेकावंसं वाटलं. पण आत अबेना कुशीवर वळल्याचा आवाज झाला आणि त्याने वाडगं पुसून खाल्लं.

मंगळवारी तो छापखान्याकडे गेला. पांढऱ्या कपड्यांतला अन्साह पाहून स्थानकावरच्या पाववाल्या बायकांनी टोपल्या सरकवून वाट दिली. मादाम फ्रेमा दारातच आडवी आली.

"आत पाय ठेवायचा नाही, मास्टर. तिच्या कागदाला तुझा हात लागता कामा नये."

"हात नाही लावत. नुसतं सांगतो. वरच्या पट्टीत काय घालायचं तेवढंच."

"तेही नाही. तोंडातून तिच्या मरणाचा शब्द काढायचा नाही. धाकटी आहे ना तुला?" मग तिचा आवाज बसला. "मी करते रे. दोन बोटांनी करते, पण करते."

अन्साह बाहेर खिडकीखालच्या बाकावर बसला. त्याच्या गिऱ्हाइकांचा बाक. त्याला एवढंच हवं होतं की पोरीच्या डोक्यावर 'व्हॉट अ शॉक' येऊ नये. त्यानेच तो शेकडो पोरांच्या डोक्यावर चढवला होता, झिजून झिजून त्यात धक्का असा काही उरला नव्हता. तिच्यासाठी एक न वापरलेला शब्द कुठेतरी असणार. आणि तो तिच्यासाठी सांगायची त्याला चोरी होती.

थोड्या वेळाने बोआडू आला. काळं वस्त्र, कपाळाला लाल फडकं. त्याने बाकाकडे पाहिलं आणि तो आत गेला. आतून मादामचा आवाज आला, "नेहमीचंच टाकते मग. 'व्हॉट अ शॉक'."

अन्साहच्या हातांनी बाकाची कड पकडली. खिडकीतून बोआडूला ते दिसलं असावं.

"थांब. त्याची ती वही दे," तो म्हणाला.

बोआडू तरुणपणी कोकोच्या वखारीवर वजनं लिहायचा, त्यामुळे इंग्रजी अडखळत वाचे. तो बाक डोळ्याच्या कोपऱ्यात राहील असा खिडकीपाशी उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. "होम कॉल." थांबला. बाकावर काही हललं नाही. "गॉन टू सून." थांबला. "पेनफुल एक्झिट."

"बोआडू, हे काय चाललंय?" मादाम म्हणाली.

"मी माझ्यापुरतं वाचतोय. कुणाला काही विचारत नाहीये. वाचायला बंदी आहे का?"

ज्याने शुक्रवारी बहिणीचं तोंड दाबलं होतं तोच माणूस आता रीतीला धक्का न लावता तिच्या कुंपणाखालून हात घालत होता. अन्साहला ते कळलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने ते उन्हाकडे करून वाळवले. एकेक शब्द खिडकीतून येत होता. सगळे त्याच्या ओळखीचे. हा पोस्टमास्तरांना दिला होता, हा जुळ्यांच्या आईला, हा त्या बुडालेल्या मुलाला. प्रत्येक शब्द कुणी ना कुणी नेसून गेलेला. त्रेसष्ट झाले. अन्साह दगडासारखा बसून होता. एकाही शब्दाला त्याला बोटसुद्धा हलवता आलं नाही.

बोआडूने पानं उलटली, आणखी उलटली, आणि वही फिरवली. "हे काय? नाक... नळ... मोजा..." तो थबकला. "ही हिरवी शाई कुणाची?"

मग आतून रडण्याचा आवाज आला. बोआडू मोठ्याने रडत होता, मामाने रडावं तसा, कुणाची भीड न धरता. त्याला तो हक्क होता. बाहेर बाप बाकाची कड धरून बसला होता आणि मेव्हण्याच्या रडण्यावर आपलं भागवत होता.

"वर काही नको," डोळे पुसत बोआडू म्हणाला.

"कोरी ठेवू? अरे, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. या वहीत पोरीच्या मापाचं काही नाही. नुसतं नाव आणि फोटो."

शनिवारी दुरून ढोल ऐकू येत होते. अन्साह आणि सेरवा दार लावून घरात बसली होती. अबेनाची वेणी घालता घालता सेरवा म्हणाली, "त्रेसष्ट शब्द होते ना तुमच्याकडे? सगळ्या गावाला वाटलेत. माझ्या पोरीला एक नाही निघाला?" इतकी वर्षं ती त्याला 'अदोमाचे पापा' म्हणायची. आता काहीच म्हणत नव्हती.

"नाही निघाला," अन्साह म्हणाला. त्याला वाटलं ती चिडेल. पण तिने वेणीचं टोक नुसतं घट्ट बांधलं.

गाव बोलायचं ते बोललंच. स्थानकाच्या भिंतीवरच्या त्या पोस्टरपुढे माणसं थांबत. "वर काहीच नाही? विष घेतलं असणार." "पोटात होतं म्हणतात." "अगं, अन्साह मास्टरची ना ती? बापाच्याच छापखान्यात?" अन्साह पांढऱ्या कपड्यांत जवळून जाई, ऐके आणि पुढे चालू लागे. गाडी उलटली होती एवढं सांगायलाही त्याला तोंड नव्हतं. तरीही ती पट्टी भरावी असं त्याला एकदाही वाटलं नाही. घरी जाड शब्दकोश होता. तेविसावा अर्थ त्यात नक्की असणार. तोही त्याने उघडला नाही.

चाळीस दिवसांनी पांढरं उतरलं आणि तो कामावर गेला. पहिलंच गिऱ्हाईक चौऱ्याण्णव वर्षांच्या एका पाटलाचं. नातेवाईक नुसते खुशीत होते. अन्साहने विचारायचं ते सगळं विचारलं, वय, चर्च, पणतवंडं, आणि सोनेरी अक्षरांत 'सेलिब्रेशन ऑफ लाइफ' टाकलं. हात चालला. हात चालतो याचंच त्याला वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी निघाला तेव्हा पोस्टरं चिकटवून झाली होती. स्थानकाच्या भिंतीवर पाटील हसत होते, नेमके अदोमावर. तिचा फोटो गेला, नाव गेलं. नवं पोस्टर थोडं खाली बसलं होतं, म्हणून वर जुन्याची वीतभर कोरी पट्टी तेवढी राहिली होती.

पाववाली टोपली आवरत म्हणाली, "मास्टर, ते वरचं राहिलेलं फाडून टाका की. पाटलांच्या डोक्यावर ठिगळ लावल्यागत दिसतंय."

पट्टीचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. अन्साहने भिंतीवरच्या ओल्या खळीत बोट बुडवलं, कोपऱ्याखाली फिरवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं.

"असू दे," तो म्हणाला. "ती जागा भरलेली आहे."