विजयाताईंच्या ताटातली कोळंबी

कुवेतच्या सालमिया भागात उल्काच्या फ्लॅटवर मराठी मंडळ जमलं की जेवता जेवता कोणीतरी परदेशाची गोष्ट सांगायची, असा रिवाज होता. त्या शुक्रवारी पाळी आलोकची. तेल कंपनीने त्याला काही वर्षं हॉलंडला पाठवलं होतं. तिथल्या ज्यूंची कहाणी त्याने रंगवून सांगितली. शेकडो वर्षं तिथलेच होऊन राहिलेले लोक; मग जर्मन आले आणि चारांतल्या तिघांचा जीव घेतला. बहुतेक शेजारी पडद्याआडून बघत बसले.

सगळे हळहळले. विजया नवगावकर मान खाली घालून ऐकत होती. ती हॉस्पिटलात नर्स, आणि जातीची कोकणातली ज्यू. हे मात्र कुवेतमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. नवगावकर असं अस्सल मराठी आडनाव ऐकल्यावर पुढे कोण विचारतो? बातमी फुटली तर नोकरी जाईल, ही धास्ती तिला कायम होती, आणि अलिबागला आईचं डायलिसिस तिच्याच जिवावर चाललं होतं.

"असले विषय इथे कशाला?" अध्यक्ष चंद्रहास गुरकावला. तोही अलिबागचाच. "उगाच कोणाचा तरी अकामा, इथे राहायचा परवाना, जायचा. आणि आग असल्याशिवाय धूर निघत नाही. केलं असेल त्यांनी काहीतरी."

चंद्रहासची नजर विजयाच्या ताटावर गेली.

"ताई, कोळंबी बाजूला काढलीत? आमच्याकडे शनवार तेली खात नाहीत कोळंबी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ज्यू हो. त्यांना खवल्यांचाच मासा लागतो. तुमचं तसलं काही नाही ना?"

"मला सोसत नाही."

"एक खाऊन दाखवा की. गंमत म्हणून."

विजयाने आलोककडे पाहिलं. शेजाऱ्यांचं पाप आत्ताच तर त्याने तोंड भरून सांगितलं होतं. तो भात कालवत होता, खाली बघून. तिला त्याचा भयंकर संताप आला, चंद्रहासपेक्षाही जास्त. चंद्रहास निदान उघड वैरी होता.

तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी जे तोंडाला लावलं नव्हतं ते तिने उचललं, चावलं, गिळलं.

"छान झालीय, उल्का," ती म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आलोकने मान वर केली. "उगीच छळता हो ताईंना," म्हणत उल्काने मायेने तिच्या ताटात आणखी कोळंबी वाढली.

विजयाने तीही खाल्ली.